कुठे फाटलं?

आमच्या शेडमध्ये एक रीत आहे. जाळं सांधायला आलं की ते कुठे फाटलं, हे विचारायचं नाही. आपली मासे मिळायची जागा कोणता बोटवाला सांगेल? माझ्या आत्याची सगळी हयात तिथे हातात सुई घेऊन गेली, पण हा प्रश्न तिच्या तोंडून कधी निघाला नाही. एरवी तोंडाला कुलूप नाही हो! चहा पाणचट झाला तरी शेड डोक्यावर घेते.

खोल समुद्रातला एक पट्टा राखीव करायचं ठरलं, तेव्हा बंदरावर सभा झाली. तिथे तळाशी, काळोखात, प्रवाळाची रानं आहेत. बोटभर वाढायला त्यांना माणसाचा जन्म जातो. त्यांच्याच आडोशाला मासे अंडी घालतात. आमच्या बाबांनी, म्हणजे आत्याच्या पाठच्या भावाने, छाती पुढे काढून भाषण ठोकलं, "तिथे जाळं टाकेल तो आपला नाही!" टाळ्यांचा नुसता कडकडाट. आत्याने तर डोळे पुसले. आज ते आठवलं तरी माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

कारण परवा बाबांनीच फाटकं जाळं आणून टाकलं. "ताई, दुपारपर्यंत दे. परत निघायचंय."

आत्याने जाळं उलगडलं. तळाशी गुलाबी प्रवाळाच्या फांद्या, मोडून अडकलेल्या. एका फांदीला तारामासा अजून घट्ट धरून बसला होता.

"कुठे फाटलं रे?"

शेडमधल्या सगळ्या सुया थांबल्या.

"खडकावर. आणि तू कधीपासून विचारायला लागलीस?"

"हा खडक? माझ्या डोळ्यांत धूळ फेकतोस?"

"अगं, सगळेच जातात! मी एकट्यानेच का उपाशी मरायचं?"

उपाशी म्हणे! दारात नवीकोरी गाडी उभी आहे. मी तसं तोंडावर बोलले. बाबा खेकसले, "तू गप बस आणि शिव ते." मी सुई खाली ठेवली. मग बाबाच जाळं ओढत शेजारच्या शेडमध्ये घेऊन गेले. तिथे कुणी काही विचारलं नाही, आणि दुपारी बोट निघालीसुद्धा. निर्लज्जपणाची हद्द झाली!

आत्याने जाळ्यातून आधीच सोडवून ठेवलेल्या फांद्या बादलीत घातल्या आणि तरातरा गस्तीच्या ऑफिसकडे निघाली. मी मागोमाग. वाटेत बर्फवाल्याने हटकलं, "अहो, सख्खा भाऊ आहे तुमचा!"

"म्हणूनच तर!" आत्या कडाडली. "परका असता तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते."

ऑफिसातल्या साहेबाने बादलीत डोकावून पाहिलं आणि पेन उचललं. "बोटीचं नाव?"

आत्याने सांगितलं.

"आणि तुमचं?"

"तेच. बोट घेतली तेव्हा मोठ्या कौतुकाने दिलं होतं त्याने." आत्याचा आवाज फाटला. "माझ्या नावाने ही कत्तल चाललीय, साहेब. लिहीत काय बसलात? निघा!"