अकरावा गडी

दयाराम रामटेके सरांना स्टाफरूममध्ये खुर्ची होती, पण तिच्यावर कायम त्यांची पिशवीच असायची. सर उभे. चहा उभ्याने, वह्या तपासणं उभ्याने, मुख्याध्यापकांशी वाद तर येरझारा घालतच. गोंदियाजवळच्या गोरेगावच्या त्या शाळेत मी इतिहास शिकवायला रुजू झाले त्या दिवशी हे खेळाचे शिक्षक माझ्यासमोर खिडकीपासून दारापर्यंत चार फेऱ्या मारून थांबले आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही इतिहासाच्या ना? मंग सांगा, गोंदियात हॉकी कोनं आणली?"

"इंग्रजांनी आणली असेल. रेल्वे आली तेव्हा."

"बरोबर. साहेबायनं आणली. पण खेळलं कोण?"

"साहेबच खेळले असतील."

"अन् या रानात अकरा साहेब कुठून जमत होते?" एवढं विचारून ते शिट्टी गळ्यात अडकवत बाहेर गेले. घंटा झाली होती.

तो प्रश्न त्यांना आयुष्यभर पुरला. जंक्शन झालं, साहेबांचे बंगले उभे राहिले, बंगल्यांमागे मैदान आखलं गेलं, आणि मैदानाच्या चार रेषांबाहेर आपली माणसं उभी राहिली: चेंडू आणून देणारी, गवत कापणारी, पाणी मारणारी. मग कधी एखादा साहेब तापाने पडायचा, कधी बदलून जायचा, आणि बाहेरचा एखादा आत बोलावला जायचा. आपल्याकडे खेळ असा शिरला, असं सरांचं म्हणणं. "हुतूतू आपल्याकडं होताच की," ते म्हणायचे. "इंग्रजानं शिट्टी आणली. अन् आपण शिट्टीची वाट पाहाले शिकलो." स्वतःची शिट्टी मात्र ते क्वचितच वाजवत. मुली कबड्डी खेळत असल्या की सर बाहेरून त्यांच्याबरोबर धावत असायचे.

या सगळ्यामागे घरची एक गोष्ट होती. सरांचे वडील डोमाजी तरुणपणी त्या मैदानावर मजूर होते. एका संध्याकाळी साहेबांचा एक गडी कमी पडला. साहेबाने डोमाजीला हाक मारून गोलात उभं केलं, आणि पुढे तीन वर्षं अनवाणी पायांनी डोमाजीने साहेबांचा गोल राखला. ज्या माणसाला गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, तो साहेबांच्या संघात अकरावा होता. वडील गेले तेव्हा सर शाळकरी होते, म्हणून ही गोष्ट त्यांना मोठ्या भावाकडून मिळालेली. गुलाबभाऊ दर भीमजयंतीला वस्तीतल्या पोरांना ती सांगायचे.

गोंदियातल्या एका क्रीडा मंडळाने वर्धापनदिनाला स्मरणिका काढायची ठरवली, तेव्हा जुन्या हॉकीवरचा लेख सरांकडे आला. मंडळाच्या दालनाबाहेर डोमाजींच्या नावाची पाटी लावायचंही ठरलं. सर आठ दिवस हवेत होते. पण लेख लिहायला बसले (म्हणजे उभे राहिले) आणि त्यांना वाटू लागलं, की भावाच्या बोलण्यापलीकडे एक तरी साक्ष हवी.

फुलचूरला गौराबाई म्हणून नव्वदीला टेकलेल्या एक आजी होत्या. त्यांचे वडील साहेबाच्या बंगल्यावर स्वयंपाकी होते. एका रविवारी सर मला मोटरसायकलवर मागे बसवून तिकडे घेऊन गेले. आजी अंगणात खाटेवर बसून मोहरी निवडत होत्या. डोमाजीचं नाव काढताच त्यांचा चेहरा उजळला.

"डोमाजी? मले आठवते ना. चुना टाके तो. सुतावानी सरळ रेषा मारे."

"अन् मंग गोलात उभा राहे," सर म्हणाले.

"नाही रे बाबू. गोलात तं मंगरू राहे. गोंड होता. पटरीवर कामाले होता."

सर हसले. "आजी, लहान होत्या तुम्ही. विसरल्या असाल."

"कायले विसरीन? मंगरूचा पाय फुटला तवा माह्या बापानं हळद भरली त्यात. मी दिवा धरून होती." मग त्यांनी सरांकडे निरखून पाहिलं. "तू डोमाजीचा कोण?"

"पोरगा."

"तुहा बाप मंगरूचा दोस्त होता. मंगरूनं बॉल अडवला का हा रेषेबाहेर नाचे."

परतताना सरांनी गोरेगावची वाट घेतलीच नाही. मी दोनदा सांगितलं, पण त्यांच्या कानात शिरलं नाही. तिरोड्याच्या रस्त्यावर, वीज प्रकल्पाची धुराडी दिसू लागल्यावर त्यांनी गाडी थांबवली. दोन्ही बाजूंना धानाची बांधी. सर बांधावरून पुढे गेले, परत आले, पुन्हा गेले.

"मॅडम, म्हातारी चुकून राहिली असेल."

"असेल."

"तुम्हाले काय वाटते ते सांगा."

"तिला पायातली हळद आठवते, सर. चुकली असेल असं मला वाटत नाही."

सरांनी गाडीला किक मारली. त्यानंतर ते आणखी तीन वेळा फुलचूरला गेले. दर वेळी प्रश्न फिरवून विचारला. आजी दर वेळी तेच बोलल्या. शाळेत सरांच्या येरझारा वाढल्या. शिकवता शिकवता ते वर्गातून बाहेर पडायचे आणि मैदानाला फेरी मारून परत यायचे. मुली आपसात हसायच्या. मला मात्र त्यांच्याकडे पाहवत नव्हतं.

गुलाबभाऊंना त्यांनी माझ्यासमोरच सांगितलं. भाऊ म्हणाले, "मंगरूच्या घरचं कोणी मागाले आलं काय? काऊन उकरून राहिला तू? आपल्या माणसाले कुठं जागा भेटली होती? एक भेटली, तेही तू काढून घेतो?"

"भाऊ, आपली जागा दुसऱ्यानं घेतली म्हणून आपण किती पिढ्या भांडलो," सर म्हणाले. "आता मंगरूची आपण घेऊन बसू काय?"

"बाबा नेहमी मंगरूची गोष्ट सांगत, असं म्हण ना मंग. मीच लहानपणी उलटं ऐकलं अन् पोरायले खोटं सांगत राहिलो, असं म्हण." भाऊ उठून आत गेले.

कार्यक्रमाच्या दिवशी पाटीवर कापड घातलेलं होतं. हारतुरे झाले आणि सरांना बोलायला बोलावलं. माईक सोडून ते व्यासपीठाच्या कडेपर्यंत चालत आले. "माझे वडील साहेबांच्या मैदानावर खेळले नाहीत," ते म्हणाले. "ते चुना टाकत होते. गोलात मंगरू नावाचा माणूस होता. त्याचं आडनाव मला माहीत नाही, गाव माहीत नाही. मला वेळ द्या, मी शोधतो. तोवर हे कापड काढू नका." सभागृहात कुणी टाळी वाजवली नाही. मंडळाचे अध्यक्ष घड्याळ पाहू लागले. पहिल्या रांगेतून गुलाबभाऊ उठले आणि वळून न बघता बाहेर गेले. त्यानंतर दोघे भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत.

सर निवृत्त झाले आणि शोधाला लागले. आठवडी बाजारात, एसटी स्टँडवर, जंगलाकडून मोहाची फुलं विकायला आलेल्या बायांमध्ये फिरून ते विचारत राहायचे, "पटरीवर कामाले गेलेला मंगरू कोणाकडचा?" दोन वर्षं गेली. एका दुपारी फोन आला. "मॅडम, घर भेटलं. चला."

घर जंगलपट्ट्यात होतं. शेवटचं थोडं पायी जावं लागलं. मंगरूचा नातू नुकताच रानातून आला होता. "हॉकी?" तो म्हणाला. "आजा तं कधी काही बोलला नाही." मग सरांनी अंगणात उभं राहून सगळं सांगितलं. साहेब, रेषा, फुटलेला पाय, बाहेर नाचणारा डोमाजी. शेजारची चार माणसं जमली. नातवाची बायको सूप हातात धरून ऐकत होती. सर थांबल्यावर तिने विचारलं, "एवढा चांगला खेळे, तं मंग सोडून इकडं काऊन आला?"

प्रत्येक प्रश्नावर सरांकडे एक भाषण असायचं. त्या दिवशी ते म्हणाले, "मले माहीत नाही, बाई." येताना वाटेत त्यांचं सुरू झालं: रेल्वेच्या गँगचे जुने लोक शोधू, कुणाला तरी ठाऊक असेल, पुढल्या सोमवारी निघू.

तो सोमवार आला नाही. शनिवारी सकाळी फिरायला गेले असताना छातीत कळ आली आणि सर रस्त्यातच गेले.

पंधरा दिवसांनी गुलाबभाऊ माझ्या दारात आले. पाणी दिलं, ते तसंच हातात धरून राहिले.

"दयारामनं ते घर शोधलं म्हणते. तुम्ही होत्या सोबत?"

"होते."

"मले रस्ता सांगा."

मी कागदावर काढून दिला. भाऊ पंचाहत्तरीचे, गुडघ्यांनी हैराण. म्हटलं, "शेवटचं पायी जावं लागतं, भाऊ. चढ आहे."

त्यांनी कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली. "जाईन," ते म्हणाले. "त्यायले सांगाले पाहिजे ना, बाबा मंगरूचा दोस्त होता म्हणून."