न पिणारा शेखलाल

शिरूरच्या बाजारात शेखलालच्या भोंग्याला तोड नव्हती. तंबूतला सिनेमा असो, साड्यांचा सेल असो की कुणाची हरवलेली म्हैस. रिक्षात बसून तो असा पुकारा करायचा, की म्हशीनं लाजून स्वतःच घरी यावं.

१९९८च्या सुमारास मात्र तो चालताना झोके खाऊ लागला. हात आपोआप उडायचे, खांदे नाचायचे, जीभ अडखळायची. गावानं लगेच निदान केलं : दारू. आमच्या गावाला दुसरं निदान येतच नाही. ज्यानं उभ्या जन्मात साध्या सोड्याच्या बाटलीकडंही संशयानंच पाहिलं, त्याला बघून बाया पदर सावरू लागल्या. त्याच्या बापालाही गावानं दारुडा म्हणतच कबरीपर्यंत पोचवलं होतं.

पुण्याच्या डॉक्टरांनी खरं नाव सांगितलं : हंटिंग्टन. मेंदू झिजत जातो, बरं करणारं औषध नाही, आणि आजार आईबापाकडून उतरतो. प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता.

शेखलालला मूल एकच, अल्फिया. तिला कासुर्डीचं स्थळ आलं होतं; मंगनी तेवढी बाकी होती.

"लोक दारुडा म्हनत्यात ना? म्हनू द्या," त्याची बायको रशिदा म्हणाली. "दारुड्याची पोरगी खपती. ह्या रोगाच्या घरातली कोन करंल?"

"अगं, पन मी पीत न्हाई!"

"मंग आजपास्नं प्या. जरा वास तरी येऊ द्या."

शेखलाल पोट धरून हसला. मग म्हणाला, "बाप दारुडा ठरला, मीबी ठरलो. उद्या अल्फिया रस्त्यात पडली, तर तिला काय म्हनतील?"



बाजाराच्या दिवशी भोंगा गरजला, "ऐका हो! शेखलाल पीत न्हाई! ह्यो मेंदूचा आजार हाय, घरान्यातनं येतो. तुमच्या घरात असं कुनी झोके खात आसंल, तर मारू नका, दवाखान्यात न्या!"

"सकाळीच चढली की रं!" भाजीवाले खिदळले.

भर बाजारात त्याच्यावर एकाच माणसाचा विश्वास बसला : नवरदेवाच्या मामाचा. संध्याकाळपर्यंत स्थळ मोडलं.

अल्फिया कित्येक दिवस बापाशी बोलली नाही. मग एका दुपारी समोर येऊन बसली.

"अब्बा, मला हाय का न्हाई, ते कुठं तपासत्यात?"

साऱ्या बाजाराला ओरडून सांगणारा शेखलाल तिच्याकडं बघेना. त्यानं चहा मागितला. तिनं करून आणला, बशी त्याच्या हलत्या ओठांना धरली, चहा संपेपर्यंत थांबली, आणि पुन्हा तेच विचारलं.