मशीनला कुंकू, बाहेरून

खंडेनवमी. सकाळची धार उरकून दूध काढायच्या मशीनची रबरं बदलायला बसले. गाईच्या सडांना जे कप लागतात, त्यांच्या आतली ही रबरं. ती हातात घेतली की बाई आठवतात.

बाई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. धुतलेलं प्रत्येक रबर त्या आधी नाकाशी धरत, मग आत बोट घालून चाचपत. चीर लागली की कोयत्याने दोन तुकडे. "आख्खं ठेवलं तर तुझा नवरा पुन्यांदा बसवंल," म्हणत. बसवलंही असतं.

"गाय चांगलंच दूध देती गं. नासवतो आपण," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. चिरेत दूध अडकतं, आंबतं, आणि पुढच्या धारेला सगळा कॅन बाद करतं. मी घासलेले कप बघून म्हणायच्या, "वरनं चकाचक हाय, नव्या सुनेवानी. आतनं बघाया लागतं."

अशा बाईंच्याच हातून एकदा डेअरीच्या केंद्रावरून दूध परत आलं. खंडेनवमीला चाकणच्या कंपन्यांत यंत्रं पुजतात, मग आपलं मशीन काय परकं? बाईंनी हळदकुंकू वाहिलं, तेही कपांच्या आत. संध्याकाळी दूध गुलाबी. केंद्रावरचा माणूस म्हणाला, "मावशी, गाईला दगडी झालीय. कासेतनं रक्त येतंय."

"दगडी तुज्या डोळ्याला झालीय!"

घरी येऊन कपात बोट घातलं, ते लाल निघालं. बाई हसून हसून खालीच बसल्या. "देवाला बी आतनं न्हाई पुजायचं, कळलं बाई आज."

यंदा गुडघ्यांपायी त्या ताथवड्याला लेकाच्या फ्लॅटवर गेल्या. आमचे हे म्हणाले, आता गाई विकू. बाईंनी निकाल दिला, "दसऱ्यापत्तुर हिला करू द्या. येकदा जरी दूध माघारी आलं, तर विका." अजून आलं नव्हतं. एकच दिवस उरला होता.

दुपारी त्यांचा फोन. "मशीन पुजलं का?"

"पुजलं. बाहेरून."

"रबरं?"

"नवीन घातली."

"वास घेतला?"

"नव्या रबराचा कसला वास घ्यायचा, बाई?"

"व्हय का? मग वीक गाई." फोन बंद.

संध्याकाळच्या धारेआधी सगळी रबरं काढून नाकाशी धरली. टायरच्या दुकानासारखा वास. कढत पाण्यातून काढली, पुन्हा हुंगली, पुन्हा काढली. वास गेल्यावरच गाईंकडे वळले. केंद्रावर दूध पास झालं, आणि दसऱ्यालाही. घरी येऊन कोयता घेतला. हे "अगं, चांगली होती की ती जुनी" म्हणेपर्यंत शेवटच्या रबराचेही दोन तुकडे झाले होते.