करपलेली गल्ली

सासरी तिला नावानं कुणी हाक मारत नसे. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात मोठ्या नणंदेनं, म्हणजे ताईनं, ‘कुजबुज’ म्हटलं आणि तेच चिकटलं. आवाजच तसा, समोरच्याला दोनदा ‘काय?’ म्हणायला लावणारा. अशी बाई दारोदार पॅन विकणार म्हटल्यावर घरात हसू फुटलं, त्यात नवल नव्हतं.

‘‘शेजारी मीठ मागायला जाताना तुझ्या पोटात गोळा येतो,’’ नवरा म्हणाला, ‘‘आणि तू माल खपवणार?’’

ताईच धावून आली. न चिकटणाऱ्या पॅनच्या त्या धंद्यात तिचं चांगलं बस्तान होतं. लाल पिशवी घेऊन फिरणाऱ्या बायकांची फौजच तिच्या हाताखाली होती. ‘‘हसू नका रे. मी घेते तिला. शाळेमागची गल्ली हिची. मऊ गल्ली आहे, नवख्या माणसानं तिथूनच सुरुवात करावी.’’

कुजबुजीला भरून आलं. माहेरीही तिच्यासाठी कुणी असं उभं राहिलं नव्हतं.

ताईनं उभं राहायलासुद्धा शिकवलं. बेल एकदाच वाजवायची. मग दोन पावलं मागं सरून तिरकं उभं राहायचं. ही आता घरात घुसते की काय, असं दार उघडणारीला वाटता कामा नये.

कुजबुज तशीच उभी राही. दार उघडे, बाईची नजर तोंडाआधी पिशवीवर जाई आणि दार लागे. एका आजोबांनी तर खिडकीतूनच सांगितलं, ‘‘घरी कुणी नाही.’’

‘‘आणि तुम्ही?’’

‘‘मीपण नाही.’’

संध्याकाळी ताई विचारी, ‘‘हसून बोललीस?’’

‘‘हसले.’’

‘‘मग आवाज पडला असणार. गिऱ्हाइकाला भीतीचा वास येतो गं, कुत्र्याला येतो तसा.’’

मग कुजबुज न्हाणीघरात बादलीत तोंड घालून ‘नमस्कार बाई’ म्हणायची. बादलीत आवाज छान घुमायचा, दारात गेली की विरायचा. खोट आपल्यातच आहे हे आता तिला दुसऱ्या कुणी सांगायची गरज उरली नव्हती.

गल्लीच्या टोकाला एक निवृत्त नर्सबाई राहत. त्यांनीही दार लावलं, पण ती वळल्यावर पुन्हा उघडलं. ‘‘थांब. पळू नकोस.’’ आतून एक पॅन आणून त्यांनी तिच्या हातात दिला. आतल्या काळ्या थराचे, ओल धरलेल्या भिंतीच्या रंगासारखे पोपडे निघाले होते.

‘‘भाजीत काळे तुकडे यायला लागले. आयुष्यभराची गॅरंटी म्हणाली होती. बदलून मागितला तर फोन उचलेना. गल्लीतल्या घराघरात हेच. म्हणून लाल पिशवी दिसली की दारं लागतात.’’

‘‘कोण होती?’’ कुजबुजीनं विचारलं. पण मनात तिनं आधीच ओळखलं होतं.

‘‘गालावर तीळ. तोंडाचा पट्टा काही थांबत नव्हता. जाताना म्हणाली, मला सगळे ताईच म्हणतात, तुम्हीपण म्हणा.’’

घरी नवरा शर्टाला इस्त्री करत होता.

‘‘अहो, ती गल्ली ताईंनी आधी केली होती, तुम्हाला ठाऊक होतं?’’

त्यानं इस्त्री कॉलरवरून पुढं सरकवली. ‘‘ताई म्हणाली, चार दिवस उन्हात फिरू दे, आपोआप घरी बसेल. नाहीतर ही आपल्याच गिऱ्हाइकांत घुसायची. मला वाटलं, तुझीही हौस फिटेल.’’

तो हे चुकून बोलून गेला नव्हता, हेच तिला जास्त लागलं. केसानं गळा कापला होता आणि कापताना दोघांनी डोक्यावरून हात फिरवला होता. खोट आपल्यात नव्हती, याचा आनंद करायचंही तिला सुचेना. आता घरी बसली असती तर कुणी बोल लावला नसता. पण मग त्यांचंच खरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी तिनं लाल पिशवी खुंटीलाच ठेवली आणि दाखवायचा पॅन भाजीच्या पिशवीत घातला. नर्सबाईंची बेल तिनं एकदाच वाजवली.

‘‘बाई, ती माझी नणंद.’’

‘‘मग?’’

‘‘मग हा घ्या. त्याच्या बदली. आयुष्यभर नाही चालायचा. लाकडी उलथनं वापरलंत, तारेची घासणी लावली नाहीत, तर दोनेक वर्षं चालेल.’’

‘‘काय म्हणालीस? थांब, नळ बंद करते.’’ नळ बंद करून बाईंनी शेजारणीलाही हाक मारली, ‘‘अगं, इकडे ये! ही खरं बोलतेय, पण हळू बोलतेय!’’

ती गल्ली हळूहळू तिची झाली. कुजबुज आली की बायका टीव्ही बंद करत, मिक्सर थांबवत आणि पुढं वाकून ऐकत. आजोबा खिडकीतून ओरडत, ‘‘आज मी घरी आहे!’’ पुढच्या गल्ल्यांतून तर तिला बोलावणी यायला लागली.

वर्षअखेरच्या मेळाव्यात सगळ्यात जास्त विक्री तिची निघाली. ताईनं तिला हाताला धरून स्टेजवर नेलं. ‘‘ही माझी भावजय! तोंडातून शब्द फुटत नव्हता हिच्या. मुद्दाम सगळ्यात अवघड गल्ली दिली मी हिला. पोहायला शिकवायचं तर खोल पाण्यातच ढकलावं लागतं!’’

टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेत नवरा सगळ्यांपेक्षा जास्त वेळ टाळ्या वाजवत होता. कुणीतरी तिच्यापुढं माईक धरला.

‘‘ताई,’’ ती म्हणाली, ‘‘तुम्ही तर मऊ गल्ली म्हणाला होतात.’’

माईकमुळे ती कुजबुज शेवटच्या खुर्चीपर्यंत गेली. मग ताईच सगळ्यांत मोठ्यानं हसली. ‘‘बघा, थट्टापण करायला लागली!’’ आणि सगळा हॉल हसला.

नवरा ताईला सोडायला म्हणून पुढं गेला. कुजबुज मागून एकटी आली. घरात दिवा दिसत होता, म्हणजे ताईला सोडून नवरा आधीच पोचला होता. किल्ली पर्समध्येच होती, तरी तिनं बेल वाजवली. एकदाच. मग दोन पावलं मागं सरून तिरकी उभी राहिली.

दार उघडलं. ‘‘अगं, किल्ली नव्हती का?’’

‘‘होती.’’

‘‘काय?’’ त्यानं विचारलं.

तिनं पुन्हा सांगितलं नाही.