भिकुबाईनं धाबं उतरवलं त्याची गोष्ट

…तर काल आपण कमलबाईच्या निंबाखाली थांबलो होतो. कमलबाई बाजेवर बसलेली, हातात पानाचा डबा, आणि वर धाब्यावर तिची धाकटी जाऊ भिकुबाई डोक्यावर मातीचं टोपलं घेऊन उभी. भर चैत्राचं ऊन. आणि कमलबाई खालून बोट दाखवून म्हणत होती, "तठे पातळ शे माती, भिकू. अजून एक टोपलं टाक."

ज्यांनी धाब्याचं घर पाहिलं नाही त्यांना एवढं सांगितलं पाहिजे, की आमच्या खानदेशात कौलं मागून आली. जुनं घर म्हणजे सागाचे खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या बारक्या लाकडांच्या किलच्या, त्यावर पाला, आणि सगळ्यात वर पांढरी खारी माती चोपलेली. हेच धाबं. ही माती दर उन्हाळ्यात बदलावी लागते. जुनी उकरून खाली टाका, सडलेल्या किलच्या काढा, नवी माती वर चढवा. न बदलली तर पावसाळ्यात पातेली मांडून बसा. आणि ही माती आभाळातून पडत नाही. कुणीतरी ती टोपल्यानं शिडीवरून वर न्यावी लागते.

त्या घरात हे कुणीतरी म्हणजे भिकुबाई. लग्न होऊन आली त्या वर्षापासून. जेठ चिंधानाना ओट्यावर सुपारी कातरायचा, जेठाणी बाजेवरून पातळ जागा दाखवायची, आणि भिकूच्या मानेवर टोपलं. तिचा नवरा सुपडू थोरल्या भावापुढं कधी मान वर करायचा नाही. नानानं "बैल सोड" म्हटलं की सोडायचा, "बांध" म्हटलं की बांधायचा.

पिंपळनेरच्या पश्चिमेला, पाड्यांच्या वाटेवर, यांची एक बरड जमीन होती. नुसते दगड. घर-शेताची वाटणी झाली तेव्हा नानानं गावालगतची काळी जमीन स्वतःकडं ठेवली आणि बरड सुपडूच्या नावावर केली. घर सहा खणांचं, ते मधे कूड घालून तीन-तीन खण केलं. दोन चुली झाल्या, पण काम एकच राहिलं. नानाच्या गोठ्यातलं शेण भिकूच काढायची, नानाच्या शेतातलं निंदणं भिकूच करायची. बरडावर जाऊन राहायचं कुणाच्या स्वप्नातही येणार नाही, या हिशेबानंच नानानं ती वाटणी केली होती.

भिकूच्या स्वप्नात मात्र तेच यायचं. सुपडूनं बरडाच्या नाल्याकाठी विहीर खणली, पाणी लागलं, आणि तिनं त्याच दिवशी ठरवलं, की चूल इथं आणायची. लहानगी पोर हातात टोपलं धरण्याएवढी व्हायच्या आत आणायची. कारण एकदा कमलबाईनं त्या पोरीकडं पाहून म्हटलं होतं, "आते हाई बी लागनी कामले." ते वाक्य भिकूच्या काळजात रुतून बसलं.

आता अडचण लाकडाची. बरडावर दगड-मातीच्या भिंती सुपडू उभ्या करील, पण वर काय? जंगलातलं लाकूड तोडलं तर गार्ड धरतो, आणि विकत सागवान घ्यायची ऐपत कुणाची? रेशनवरची लाल मिलो ज्वारी खाऊन दिवस काढायचे ते साल. तेव्हा तिनं पंच बोलावले. आपल्या तीन खणांचं लाकूड उतरवून नेऊ द्या, एवढंच मागितलं.

नाना बैठकीत उभाच राहिला. "लाकूड मना बापनं शे. तुले बरडवर जानं शे? जाय. आंगवरना लुगडानिशी जाय!"

कमलबाई दाराआडून बोलली, "बरडवर काय कोल्हासले भाकर वाढशी?"

"कोल्हा खाईसन गुपचूप तरी जातीन, अक्का," भिकू म्हणाली.

बैठकीत दोघं-तिघं हसले. ते हसू नानाला झोंबलं. तो पंचांकडं वळला, "चूल पेटेल घरनं धाबं कोनी उतारतं का? सांगा. आपला गावमा आसं कधी व्हयनं शे का?"

हा मात्र खरा रिवाज होता. ज्या छपराखाली चूल पेटते त्याचं लाकूड काढायचं नाही, भाऊबंदकी कितीही पेटो. पंचांतला म्हातारा पुनाआबा दाढी खाजवत म्हणाला, "खरं शे. राहतीन तवलोंग लाकूड तेस्नं. निंघी जातीन ते मंग नानानं." म्हणजे सुपडूचं बिऱ्हाड तिथं राहील तोवर लाकूड त्याचं, निघून गेला की नानाचं.

नाना एवढ्यावर थांबला नाही. कोणी यांना गाडी दिली तर त्याची-माझी सोयरीक तुटली, असं त्यानं गावभर सांगून ठेवलं. गाडीशिवाय माणूस बिऱ्हाड हलवणार कसं? भिकू विहिरीवर गेली की बायका पाणी ओढता ओढता विचारायच्या, "काय भिकू, कोल्हा वाट देखत व्हतीन ना?" ती घागर भरायची आणि चालायला लागायची. महिनाभर तिनं बरडाचं नाव काढलं नाही.

मग चैत्र लागला. एका सकाळी ती नानाच्या ओट्याखाली येऊन उभी राहिली, पदर डोक्यावर. "नाना, आवंदा आमना खणनी माती काढू का? किलचा बी सडी ग्यात."

नानाची सुपारी अडकित्त्यातच राहिली. त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, ते पाहिलेले लोक मला भेटलेले आहेत. तो म्हणाला, "काढ ना. बठ्ठी, सगळीच काढ. आन् तुमना खण व्हयनात का मंग आमना बी करी टाक."

"माती आनाले गाडी लागी."

"मनी लई जाय."

त्या दिवशी नाना पारावर छाती फुगवून बसला. "देखा, बरडनं भूत उतरनं! जी बाई धाबानी माती बदलस ती कोठे जास?" सगळ्यांनी माना हलवल्या. बरोबरच होतं. जायचं असलेलं माणूस छपराला नवी माती घालील कशाला? सोडून जायच्या घराला कोणी पोतेरंसुद्धा घालत नाही.

खाऱ्या मातीची खाण नाल्यापलीकडं, बरडाच्याच वाटेवर. रोज सकाळी नानाची गाडी दारातून निघायची, त्यात सडक्या किलच्या. "कुंपणाले लागतीन," भिकू सांगायची. सडक्यांच्या खाली चांगल्याही असायच्या. गाडी आधी बरडावर जायची, तिथं रिकामी व्हायची, मग खाणीवरून पांढऱ्या मातीची एक खेप बरडावर टाकून दुसरी भरून परत यायची. ती माती नानाच्या दारासमोर ओतली जायची. ढीग वाढत चालला. येणारे-जाणारे म्हणायचे, "नाना, आवंदा धाबं जोरमा शे!" आणि नाना स्वतः त्या ढिगावर पाणी मारायचा, उडू नये म्हणून.

धाब्यावरची जुनी माती उतरली, पाला उतरला, किलच्या एका खणाच्या उतरल्या, मग दुसऱ्या. चूल तिसऱ्या खणाखाली पेटतच होती. कमलबाईनं एकदा विचारलं, "नव्या किलचा कवय टाकशी?" भिकू म्हणाली, "आखाजी व्हई जाऊ द्या." तिकडं सुपडू बरडावर भिंती रचत होता. नानाला वाटायचं तो शेतावर राखणीला आहे. राखणीलाच होता म्हणा, फक्त कशाच्या ते नानाला ठाऊक नव्हतं.

आखाजी आली. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. तेव्हा आमच्याकडं सासुरवाशिणी माहेरी जातात, झोक्यावर बसतात, आणि पुरुष पत्त्यांना बसतात. त्या दिवसांत पत्ते खेळले तर कोणी जुगारी म्हणत नाही. कमलबाई साक्रीकडं माहेरी गेली. जाताना भिकूला बजावून गेली, "नानाले जेवाले घाल. आन् आमना खणनी माती मी येवाना आत टाकेल पाहिजे."

भिकूनं त्या दिवशी खापरावरचे मांडे केले. पुरण असं, की पातळ पोळीतून आरपार दिसावं. आमरसाचं पातेलं भरून. नाना जेवला आणि पुन्हा जेवला. त्या चुलीवरचा तो शेवटचा स्वयंपाक होता, ते वाढणारीला माहीत होतं, खाणाऱ्याला नाही. पोटावर हात फिरवत नाना पारावर पत्ते कुटायला गेला.

तेवढ्यात गाडी आली. भिकूचा भाऊ हिलाल बहिणीला आखाजीला न्यायला आला होता. आता तुम्हीच सांगा, आखाजीला बहिणीला न्यायला आलेल्या भावाची गाडी कोण अडवणार? नानाची आण गावातल्या गाड्यांना होती, ही तर माहेरची गाडी. हिलाल आणि सुपडू यांनी मिळून राहिलेल्या किलच्या काढल्या, तुळया उतरवल्या, खांब हलवून हलवून उपटले. खालती लाकूड, त्यावर जातं, भांडी, गोधड्या, आणि सगळ्यावर कडबा. कडब्यावर पोर, पोरीशेजारी नवं लुगडं नेसलेली भिकुबाई. तिच्या मांडीवर राखेनं झाकलेल्या निखाऱ्यांचं मडकं. त्या चुलीतले होते ते.

गाडी पारावरून गेली. कोणीतरी म्हणालं, "नाना, भिकू माहेरले निंघनी."

नानाचं पान त्या वेळी जोरात होतं. त्यानं वरसुद्धा पाहिलं नाही. "जाऊ द्या. ई चार दिनमा," असं म्हणून त्यानं एक्का आपटला.

तिन्हीसांजेला नाना घरी आला, कूडातलं दार लोटलं, आणि पलीकडं एकदम आभाळ. चांदण्या उगवायला लागल्या होत्या. खांबांच्या जागी खड्डे, चुलीत गार राख. नाना तिथंच उंबऱ्यात बसला. मग उठला आणि पंचांकडं धावला. पण पंच कुठं सापडायला? आखाजीचे पत्ते एका दिवसात संपत नाहीत. पुनाआबा हरत होता, आणि हरणारा पुनाआबा डावातून उठला असं कधी झालं नाही. "डाव व्हऊ दे, मंग देखू," म्हणाला. नाना पारावर उभा राहून शिव्या घालत राहिला, आणि ज्यांना घालत होता ते पत्ते वाटत राहिले.

पंच उठले तोवर बरडावर पाड्यावरची माणसं मदतीला आली होती. खांब उभे राहिले, तुळया चढल्या, किलच्या पडल्या, आणि नानाच्याच गाडीतून येऊन पडलेली खारी माती चोपून बसवली गेली. नाना पुनाआबाला घेऊन पोचला तेव्हा धाब्यातून धूर निघत होता. आत मडक्यातल्या निखाऱ्यांवर पेटवलेली चूल, चुलीवर भाकर.

"उतारा!" नाना ओरडला. "मना बापनं लाकूड शे! बठ्ठं उतारा! आबा, तुम्हीच बोलनात ना, निंघी जातीन ते मनं!"

पुनाआबानं वर धाब्याकडं पाहिलं, मग चुलीकडं पाहिलं. पाणी मागून प्यायला. मग हळूच म्हणाला, "बोलनू व्हतू. पन चूल पेटनी, चिंधा. आते हाई लाकूड नई, हाई घर व्हयनं. रिवाज तूच तं सांगा व्हता."

सुपडू दगडावर बसून होता. भावाला पाहून सवयीनं उठला, आणि भिकूनं त्याच्याकडं एक नजर टाकली तसा परत बसला. नाना दोघांना तोंडाला येईल ते बोलला. चोर म्हणाला, घरबुडव्या म्हणाला, कोल्ह्यांची पंगत म्हणाला. भिकू भाकर उलटत राहिली. शिव्या संपल्या तशी नानाची नजर गावाच्या दिशेला गेली. तिकडं दारासमोर पांढऱ्या मातीचा केवढा ढीग, शेजारी टेकवलेली शिडी, आणि कमलबाई माहेराहून यायची वेळ. त्याचा आवाज एकदम उतरला.

"आन् आमना धाबानी माती?"

भिकूनं भाकर चुलीच्या तोंडाशी उभी केली, हात पुसले, आणि म्हणाली, "माती तुमना दारशी टाकेल शे, नाना. टोपलं बी तठेच ठेयेल शे. आते ते कोना डोकावर चढाडानं, ते तुम्ही आन् अक्का बसीसन ठरावा."