फुग्यावरचा कोंबडा

गाडीखाली शिरण्याआधी तेयो तिच्या मागे उकिडवा बसायचा आणि न पेटवलेली सिगारेट ओठात धरायचा. डॉक्टरने ओढायला बंदी घातली होती, धरायला नाही. मग तो मागच्या चाकांवरच्या कमानीत बोटं घालून बघायचा, आधी डावीकडे, मग उजवीकडे. जिकडे बोटं शिरायची नाहीत, तिकडचा फुगा हवा सोडतोय असं समजायचं. गाडी कितीही लांबलचक आणि तिचा मालक कितीही अकडबाज असो, तेयोची सुरुवात बोटांपासूनच व्हायची.

सालिनेरा या त्यांच्या समुद्रकाठच्या गावात जुन्या अमेरिकन गाड्या बऱ्याच. त्यांना मागे लोखंडी स्प्रिंग नसते, हवा भरलेले रबराचे दोन फुगे असतात. एक छोटा कॉम्प्रेसर हवा भरतो, नळ्या ती पोहोचवतात आणि प्रत्येक फुग्याच्या डोक्यावर बसलेला व्हॉल्व्ह ती आत कोंडून ठेवतो. "यात बिघडण्यासारखं काही नाहीच," तेयो म्हणायचा, "गळण्यासारखं मात्र सगळं आहे." पार पोन्से शहरापासून लोक त्याच्याकडे गाड्या घेऊन यायचे. सकाळी उठून बघावं तर गाडीने कुत्र्यासारखं मागचं बूड जमिनीला टेकवलेलं असायचं, आणि मग तेयोची आठवण व्हायची.

त्याचा धाकटा भाऊ मोन्सेराते, म्हणजे मोन्से, समुद्राकडच्या रस्त्यावर गाड्यांना खालून जळकं ऑइल मारायचा. सालिनेरात हे केल्यावाचून गत्यंतर नाही. खारं वारं लोखंड असं खातं, की दोन पावसाळ्यांत पायाखालून रस्ता दिसायला लागतो. मोन्सेकडे काँक्रीटचा उतार होता. त्यावर गाडी चढवायची, खालून ऑइलचा फवारा घ्यायचा आणि लगेच उसाच्या शेतातल्या कच्च्या वाटेने एक फेरी मारून यायचं, म्हणजे लाल धूळ ऑइलवर बसून घट्ट पापुद्रा होतो. वादळांचा मोसम लागण्याआधी त्या उतारावर रांग लागायची. तेयो त्या रांगेत कधीच नसायचा. त्याच्या स्वतःच्या पिकअपच्या तळाला भोक पडलं होतं, त्यावर त्याने फळी टाकली होती, आणि पाऊस आला की त्याची बायको प्रोवी पाय वर घेऊन बसायची.

भांडण फुग्यांवरून झालं होतं. ऑइल रबराला खातं, हे तेयोला अनुभवाने माहीत होतं. गावच्या जत्रेत, सगळं गाव जमलेलं असताना, त्याने चिरा पडलेला एक फुगा हवेत उंच धरला आणि म्हणाला, "बघा, ही माझ्या भावाची कर्तबगारी. हा तिकडून खातो, मी इकडून शिवतो. चांगला धंदा आहे दोघांचा." लोक खो खो हसले. मोन्से हसला नाही. एवढंच म्हणाला, "माझं ऑइल नसतं, तर तुझा फुगा टांगायला गाडी तरी उरली असती का?" आणि निघून गेला. त्यानंतर दोघे एकमेकांशी बोलले नाहीत. नाताळात आईच्या घरी जायचे तेही आळीपाळीने. एकाची गाडी दारात दिसली की दुसरा कोपऱ्यावर कॉफी पीत बसायचा. आई दोघांसाठी केळीच्या पानात उकडलेले पास्तेलेस वेगवेगळे बांधून ठेवायची आणि दोघांनाही शिव्या घालायची.

अशात एका सकाळी दोन्या इलुमिनादा, म्हणजे इलुमिनादाबाई, आपली शववाहिका घेऊन तेयोच्या दारात आली. गावात अंत्यसंस्काराचं दुकान तिचं एकटीचं. आदल्या आठवड्यात चर्चच्या दारात, पेटी आत ठेवून झाल्यावर, गाडीचं बूड खाली बसलं होतं आणि लोक कुजबुजले होते की मेलेल्याला जायचं नाहीये.

"त्या मेलेल्याची बायको काय म्हणाली ठाऊक आहे?" खुर्ची ओढून बसत दोन्या म्हणाली. "म्हणे, जिवंतपणीही हा असाच होता, निघायच्या वेळेला बूड हलायचं नाही. सगळे हसले, तेयो. माझ्या गाडीजवळ आजवर कोणी हसलं नव्हतं."

"आता कोणाची पाळी?"

"उद्या फाकुंदो मास्तरांना न्यायचंय. शाळेत तुलाही शिकवलंय त्यांनी. त्यांना सरळ न्यायचंय मला." तिने पंखा उघडला. "आणि खरं काय ते सांग. हे मोन्सेच्या ऑइलनेच झालंय ना? तसं असेल, तर माझी एकही गाडी यापुढे त्याच्या उतारावर चढणार नाही."

हे साधं बोलणं नव्हतं. शववाहिका मोन्सेकडे जाते म्हणून गाव मोन्सेकडे जायचं. मेलेल्यांची गाडी जिथे राखली जाते तिथे जिवंतांची राखली जाणारच, असा लोकांचा हिशेब होता. दोन्याने एकदा तोंड उघडलं की मोन्सेचा उतार ओस पडायला वेळ लागला नसता. तेयोला हे पुरतं कळत होतं. तरी गाडीला हातही न लावता तो म्हणाला, "ऑइलच असणार. दुसरं काय?"

इतक्या दिवसांनी आपलं म्हणणं खरं ठरणार म्हणून त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची थोडी लाजही वाटली.

उजवीकडे बोटं अडकली. म्हणजे उजवा फुगा. पेटी ठेवायच्या जागेशेजारचं बटण बंद करून त्याने हवेचा कारभार थांबवला, नाहीतर जॅक लावताच गाडी आपण होऊन वरखाली करू लागते. गाडी जॅकने उचलून लोखंडी टेकूंवर ठेवली आणि वाटीत भांड्यांचा साबण, पाणी आणि जुना दाढीचा ब्रश घेऊन तो खाली सरपटला.

वर सगळं काळं होतं, धूळ बसून दगडासारखं झालेलं. फक्त फुगे स्वच्छ होते.

त्याने आधी डाव्या फुग्यावर उजेड पाडला. वरच्या बाजूला नायलॉनची दोरी होती आणि दोरीत प्लॅस्टिकची एक चिंधी अडकली होती. चिंधीवर लाल कोंबडा. कोपऱ्यावरच्या बेकरीच्या लांबड्या पावाच्या पिशवीवरचा. फवारा मारण्याआधी कोणीतरी दोन्ही फुग्यांना पिशव्या चढवल्या होत्या आणि नंतर काढताना ही एक फाटून मागे राहिली होती. दोरीची गाठ तेयोच्या बापाची होती, मासेमारीच्या जाळ्याला मारायची, एक शेपूट ओढलं की मोकळी होणारी. बापाने ती दोनच माणसांना शिकवली होती. तेयोने शेपूट ओढलं. गाठ सुटली आणि चिंधी त्याच्या तोंडावर पडली.

मग तो उजवीकडे वळला. रबराच्या घड्यांवर साबण फासला, चीर नाही. गाडी थोडी खाली आणून घड्या बदलल्या, पुन्हा फासला. एक बुडबुडा नाही. शेवटी त्याने फुग्याच्या डोक्यावर, व्हॉल्व्ह आत जातो तिथे ब्रश टेकवला, आणि फेस सावकाश मोठा होत गेला, दूध उतू जावं तसा.

व्हॉल्व्ह त्याने अर्धा फिरवून आधी हवा जाऊ दिली, मग पूर्ण फिरवून बाहेर काढला. त्याच्या गळ्यातली रबरी रिंग फुगून मऊ झाली होती, भिजवलेल्या हरभऱ्यासारखी. बोटाला चिकट लागली. त्याने वास घेतला. चाकाच्या बेअरिंगचं ग्रीस.

गेल्या वर्षी हाच व्हॉल्व्ह त्याने बसवला होता. खरी रिंग बोटीने यायची होती, ती येईना, म्हणून नळकामाच्या दुकानातली लावली, आणि सवयीने बोट डब्यात बुडवून वर ग्रीस फासलं. तेलाने रबर सडतं हे गावभर ओरडून सांगणाऱ्याने रबराला स्वतःच्या हाताने तेल लावलं होतं. मोन्सेने मात्र ऐकलं होतं. भर जत्रेत हसं होऊनही ऐकलं होतं.

तेयो तसाच पडून राहिला. रिंग एवढीशी होती. खिशात घातली असती तर कुणालाही कळलं नसतं.

"सापडलं का?" वरून दोन्याचा आवाज आला. "ऑइलच ना?"

तो सरपटत बाहेर आला आणि रिंग तिच्या पुढ्यात धरली. "ग्रीस आहे. माझं."

"तुझं म्हणजे?"

"मी लावलेलं. मोन्सेने फुग्यांना पिशव्या बांधल्या होत्या. गाडी उत्तम राखलीय त्याने. मी गाडी न बघताच बोललो, दोन्या."

दोन्याने रिंगकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि पंखा मिटला. "हे मी सांगणार हं गावाला. माझ्या पोटात काही राहत नाही."

"सांगा. जत्रेत सांगितलंत तरी चालेल."

त्याने जागा पुसून कोरडी केली, एव्हाना बोटीने आलेली खरी रिंग ग्रीसशिवाय, साबणाच्या पाण्यावर बसवली, हवा भरली आणि संध्याकाळपर्यंत अधूनमधून कमानीत बोटं घालत राहिला. दुसऱ्या दिवशी फाकुंदो मास्तर चर्चच्या दारातून अगदी सरळ निघाले, वर्गात उभे राहायचे तसेच. बूड न बसल्यामुळे काही लोकांची निराशा झाली.

दफन झाल्यावर तेयोने काळे कपडे न बदलताच पिकअप काढली आणि समुद्राकडच्या रस्त्याला लावली. "कुठे?" प्रोवीने विचारलं. "ऑइल मारायला," तो म्हणाला. ती शेजारी चढून बसली आणि फळीवर पाय ठेवले.

मोन्सेच्या उतारापुढे तीन गाड्या होत्या. तेयो रांगेत थांबला. पाळी आल्यावर मोन्सेने वाकून गाडीचा तळ पाहिला.

"याला लावायला खाली उरलंय काय?"

"जे उरलंय त्याला लाव."

मोन्सेने हात पुसले. दोन्याचं बोलणं त्याच्या कानावर आलं होतं, हे त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

"पिशव्या कधीपासून बांधतोस?" तेयोने विचारलं.

"तू बोललास त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस का?"

"चुकलो मी," तेयो म्हणाला. मोन्से आत गेला आणि कोंबडा छापलेल्या दोन लांबड्या पिशव्या घेऊन बाहेर आला.

"या कशाला?" तेयो म्हणाला. "माझ्या गाडीला फुगे नाहीत. साधे लोखंडी पट्टे आहेत."

"डोळे आहेत मला. पाव आहे आत, गरम आहे. वहिनीला खाली उतरव आणि बसा दोघं. हे उरकायला वेळ लागेल."