अकरा मुलींचा एकच पालक

चाळिशीत मला संगणकाचा नाद लागला. नांदेडला कोर्स केला आणि किनवटच्या ज्या मुलींच्या वसतिगृहात मी प्रवेशाचं काम बघते, त्याची वेबसाइट करायला घेतली. डोक्यात इतकी हवा, की शिंक आली तरी वाटायचं, प्रोग्रामरची आहे.

फ्रेमवर्क म्हणजे तयार साचा. त्यात पालकांचा एक तक्ता, मुलींचा दुसरा, परीक्षेच्या अर्जांचा तिसरा. सगळे एकमेकांना जोडलेले. पालकाची नोंद काढली तर मुलीच्या नोंदीचं काय करू, हे साचा आधीच विचारून ठेवतो. मी ऐटीत लिहिलं, कॅस्केड. म्हणजे वरचं पुसलं की त्याला जोडलेलं खालचं सगळं पुसायचं. मागे कचरा नको. केवढी हुशार बाई!

एक दिवस सकाळी जंगलातल्या गावचे एक मामा आले. "बाई, म्या लातूरला पोराकडं चाललो. कागदावरचं माझं नाव काढून टाका."

"हे बघा मामा, निघालं," म्हणत मी त्यांच्यादेखत बटण दाबलं.

दुपारी दहावीतली एक मुलगी दारात. "बाई, परीक्षेच्या यादीत माझं नाव न्हाई."

मग दुसरी, तिसरी. मोजल्या तर अकरा गायब, सगळ्या मामांच्या नावाला जोडलेल्या. इकडे एकच माणूस गावातल्या सगळ्या पोरींना रेल्वेनं आणून सोडतो, आणि पालक म्हणून अंगठाही तोच देतो. दर जूनला मी हे बघत होते, पण माझं ध्यान साच्यात. अकरांपैकी चौघी दहावीच्या. आज पाचच्या आत यादी शाळेत गेली नाही तर त्यांचं वर्ष जाणार. आणि बॅकअप, म्हणजे नोंदींचा राखीव साठा? तो मी महिनाभर 'उद्या' घेत होते.

अकराही जणींना समोर बसवलं. त्या सांगत गेल्या, मी भरत गेले.

"पालक?" दुपारी पहिली दारात आलेल्या मुलीला मी विचारलं.

"आईचं लिहा की. मामा नुस्ते सोडायला येतेत."

"मग प्रवेशाच्या वेळी का नाही बोललीस?"

"तुम्ही कुठं इचारलं? संगं कोण आलंय, तेवढंच इचारलंत."

पाच वाजायला दहा मिनिटं असताना यादी गेली. मग मी नियम बदलला. पालकाला मुलगी जोडलेली असेल, तर पुसायला साफ नकार. दारात पहिली आलेल्या त्या मुलीचा काही माझ्यावर भरवसा बसेना. तिनं स्वतः आईच्या नावापुढचं पुसायचं बटण दाबलं. मशीन नाही म्हणालं. तिनं पुन्हा दाबलं. पुन्हा नाही. तेव्हा कुठं ती मैदानात गेली.